ब्रेक कॅलिपरची खालची पिन जाम, बोल्टचं डोकं तुटलं, आता काय करू?

गाडीवेडा:
पुढचं डावं चाक गरम होत होतं, थोडी चालवली की जळका वास, म्हणून ब्रेकचे पॅड बदलायला घेतले. आतला पॅड पार लोखंडाला टेकलाय आणि बाहेरचा अजून निम्मा शिल्लक. कॅलिपर (पॅड चकतीवर दाबणारा भाग) ब्रॅकेटमधल्या ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली वरची बोटानं आतबाहेर होते, खालची ढिम्म हलत नाही. मग मी शहाणपणा केला, पान्याला लांब पाइप लावला आणि दिला जोर, कट्ट आवाज आला, म्हटलं चला सुटला एकदाचा, बघतो तर बोल्टचं डोकं पान्यात आणि उरलेला बोल्ट पिनमधेच. कॅलिपर निघाला पण पिन ब्रॅकेटात तशीच. ड्रिल मारून काढू का? की अख्खा कॅलिपरच नवीन घ्यावा लागेल?

रिंगपाना:
आधी सांग कॅलिपर कुठे ठेवलायस? होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत असेल तर पहिलं तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांध. आणि गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली स्टँड लाव, मग पुढचं बोलू.

डोकं तुटलं ते एका अर्थी बरंच झालं, कॅलिपर तरी मोकळा झाला. पिन आणि तिचा बोल्ट बहुतेक गाड्यांना सुटे मिळतात, त्यामुळे तो तुकडा वाचवायच्या भानगडीत पडू नकोस, ड्रिल तर नकोच. ब्रॅकेटचे मागचे २ बोल्ट खोल आणि ब्रॅकेट व्हाइसमध्ये पकड, चाकाशी वाकून जे दोन तासांत होत नाही ते टेबलावर पंधरा मिनिटांत होतं. पिनवरचा रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं टोपण) कापून टाक, पिनच्या तोंडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर सोड. सकाळी वाइसग्रिपनं (लॉक होणाऱ्या पकडीनं) पकडून फक्त फिरव, ओढू नकोस. केसभर इकडे केसभर तिकडे, परत स्प्रे, परत तेच. गोल फिरायला लागली की मग फिरवत फिरवतच बाहेर घ्यायची. भोक मागून बंद असतं बहुतेक, त्यामुळे मागून ठोकून निघेल ही आशा सोड.

आटेफिट:
स्प्रेनं नाही हललं तर गॅस. पण गरम ब्रॅकेट करायचं, पिन नाही, ब्रॅकेट फुगलं पाहिजे ना. आणि ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर त्या भागाला ज्योत अजिबात लावू नका, क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन होतो, तो जीवघेणा वायू आहे, अतिशयोक्ती करत नाहीये. साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग गॅस. एवढं करूनही नाही निघाली तर ब्रॅकेटच बदला, कॅलिपर बदलायची गरज नाही, कॅलिपरमधला पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) दाबून बघा फक्त सरळ आत जातो का.

धुळीचा_माणूस:
पिन जाम का झाली तेही बघ नाहीतर परत तेच. कित्येक गाड्यांत दोन्ही पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबराची बाही असते. मी एकदा हाताशी होतं ते बेअरिंगचं ग्रीस फासलं होतं, काही महिन्यांत ती बाही फुगून अशी बसली की गंज परवडला. पेट्रोलियमवालं ग्रीस त्या रबराला चालत नाही, सिलिकॉन नाहीतर ब्रेक पिनसाठीचं वेगळं मिळतं तेच लाव, तेही पातळ थर.

गाडीवेडा:
निघाली!! गॅस लागला नाही. रात्रभर स्प्रे, सकाळी चाळीसेक मिनिटं वाइसग्रिप, आधी लाल चिखल आला मग पिन. बूटला खालून बारीक चीर होती, तिथूनच पाणी गेलं असणार. भोक बारीक गोल ब्रशनं घासलं. नवीन पिन, नवीन बूट, ग्रीस सगळं लावलं, पण आता पिन आत दाबली की सोडल्यावर आपोआप बाहेर येते. भोक लहान झालं का काय?

रिंगपाना:
हवा अडकलीय रे. ग्रीस जास्त भरलंस. पिन काढ, भोकातलं पूस, पिनलाच हलका हात फिरव. मग आत दाबताना बूटची कड नखानं जरा उचल. बोल्ट कसताना पाइप घरी ठेव, मॅन्युअलमध्ये टॉर्क (किती जोरानं कसायचं ते) दिलेला असतो, बराच कमी असतो तो, तुझा तुटला तसे बोल्ट आधीच्या वेळी कुणी जास्त कसलेले असतात म्हणूनपण तुटतात.

गाडीवेडा:
कड उचलली, फुस्स आवाज आला, बसली बरोबर. पहिल्यांदा पॅडल थेट खाली गेलं, घाबरलो, पाच-सहा वेळा दाबल्यावर कडक झालं.

आटेफिट:
ते होणारच, पिस्टन मागे ढकललेला असतो ना. चाक फिरायच्या आधी पॅडल दाबून घ्यायचं. ब्रेक ऑइलच्या रिझर्वॉयरची (डबीची) लेव्हलपण बघा, वर चढलेली असेल तर थोडं ऑइल काढा, रंगावर सांडू देऊ नका.

गाडीवेडा:
बघितली, ठीक आहे. उजवीकडचं चाक खोललं सहज म्हणून. तिथला खालचा बूट पण फाटलाय, पिन अजून फिरतेय पण जड. स्प्रे मारून ठेवलाय.