मदत हवी आहे: बोस्टनचा संघ नेमका कशामुळे फुटला?

मंडळी, एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) मनापासून पाहणाऱ्यांनी कृपया समजावून सांगा. बोस्टन सेल्टिक्सने 2024 मध्ये विजेतेपद मिळवलं आणि 2025 च्या उन्हाळ्यात आपले खेळाडू जरू हॉलिडेला पोर्टलंड संघाकडे आणि पोर्झिंगिसला अटलांटा संघाकडे पाठवलं. इतका जुळलेला संघ मोडताना फार वाईट वाटलं.

‘बर्ड’ सवलतीमुळे संघाला स्वतःच्या खेळाडूंशी लीगने ठरवलेली एकूण पगारमर्यादा ओलांडूनही पुन्हा करार करता येतो, हे ठाऊक आहे. बोस्टनचा मुख्य खेळाडू टेटमच्या पाच वर्षांच्या, सुमारे 31 कोटी डॉलरच्या करारवाढीलाही पगारमर्यादा आडवी आली नाही. पण लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2023 च्या करारातली ‘सेकंड अ‍ॅप्रन’ ही एकूण पगाराची वरची रेषा ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिकही (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) गोठतो, म्हणजे तो ट्रेडमध्ये देता येत नाही.

मग बोस्टनला जास्त जड काय गेलं, ही बंधनं की वर्षागणिक वाढणारा लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक रेषेपलीकडे गेल्यास संघाने लीगला भरायचा दंड)? मला तर बंधनंच जाचक वाटतात, पैसे मालक मोजू शकतो. आणि 2025 च्या मे महिन्यात टेटमच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला नसता, तरी हे ट्रेड झालेच असते का? आकडे मांडून कुणी सांगेल का?