‘घुसखोर’ पेशी की ‘शिरलेल्या’?

सदाशिवपेठी: तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘ट्यूमर इन्फिल्ट्रेटिंग लिम्फोसाइट्स’पाशी अडलोय. म्हणजे गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी. त्या भरपूर असल्या तर रुग्ण जास्त काळ जगण्याची शक्यता वाढते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गटात ‘घुसखोर लसीकापेशी’ ठरलं होतं. पण कच्चा मजकूर वाचून एका पेशंटच्या मुलानं विचारलं, “हे घुसखोर ऑपरेशनमध्ये सगळे निघतील ना?”

स्लाइडवाली: ‘घुसखोर’ नकोच! घुसतो तो कर्करोग. कर्करोगाचे टप्पे ठरवायच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीपासून गाठ किती खोल घुसलीय तेही मोजतात, ५ आणि १० मिलिमीटर या त्याच्या सीमा. तेच क्रियापद बचाव करणाऱ्यांना कसं लावायचं? रोज सूक्ष्मदर्शकाखाली गाठीच्या स्लाइड बघते. गुलाबी पार्श्वभूमीवर गर्द निळे गोल ठिपके, जवळजवळ नुसतं केंद्रकच. कधी ते थेट गाठीच्या पेशींमध्ये मिसळलेले, कधी कडेलाच थबकलेले. हा फरक महत्त्वाचा, म्हणून ‘शिरलेल्या’ लिहा.

कोथरूडकर: ‘शिरलेल्या’ ही काय संज्ञा झाली? ‘अंतःप्रविष्ट’ म्हणा. शास्त्र मराठीत आणायचं तर शब्द घडवायलाच हवेत.

वॉर्डातली ताई: घडवा, पण पत्रक वाचणार कोण? मिश्री लावणारी मावशी. ‘लसीका’ म्हटलं की तिला इंजेक्शनच आठवतं. माझी आई मात्र ‘जखमेतून लस येतेय’ म्हणायची.

कोथरूडकर: तोच जुना अर्थ. देवीची लस म्हणजे फोडातला द्रवच होता.

सदाशिवपेठी: मग ‘गाठीत शिरलेल्या लढाऊ पेशी’ चालेल?

स्लाइडवाली: सरसकट ‘लढाऊ’ नको. यांतल्या सीडी८ टी पेशी कर्करोगाच्या पेशींना मारतात, पण नियामक टी पेशी त्या मारणाऱ्यांनाच आवर घालतात. आणि पत्रकात जगण्याच्या शक्यतेला ‘भाकीत’ म्हटलंय, तो शब्द काढाच. हा अनेक रुग्णांचा मिळून हिशेब आहे, एकट्याचं भविष्य नाही. मानेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) रोग पोचलाय का, हे आजही आधी बघावं लागतं.

कर्वेनगरचे वैद्य: ‘भाकीत’ऐवजी आयुर्वेदातला ‘साध्यासाध्यता’ आहे की, म्हणजे रोग बरा होण्याजोगा आहे का ते. साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टानं बरा होणारा), याप्य (नुसता आटोक्यात राहणारा), असाध्य. आणि गाठीला ‘अर्बुद’, सुश्रुताच्या निदानस्थानातला.

वॉर्डातली ताई: ‘असाध्य’ छापलेला कागद रुग्णाच्या हातात द्यायचा? मी देणार नाही.

कोथरूडकर: अर्बुद म्हणजे दहा कोटीसुद्धा. आणि अबूचा पहाड तो अर्बुदाचल. फुगवट्यावरून पहाडाला नाव पडलं असेल का?

कर्वेनगरचे वैद्य: असेल. मला तर आपलं ‘आवाळू’ही अर्बुदावरूनच आलेलं वाटतं.

वॉर्डातली ताई: आवाळू मऊ असतं, दुखतही नाही. कर्करोगाच्या गाठीला आमच्याकडे कोणी आवाळू म्हणत नाही.

कोथरूडकर: अर्थाचं राहू द्या. ‘द’चा ‘ळ’ कसा झाला?

कर्वेनगरचे वैद्य: दोहदाचे डोहाळे झाले तसाच.

कोथरूडकर: तिथे प्राकृतात ‘दोहल’ सापडतं. अर्बुदाचं मधलं रूप दाखवा, मग मानतो.