अनुभव धागा : दारू सोडणाऱ्यांची सभा कशी शोधायची?

दारू सोडायचं मनात येतं, पण सभा कुठे भरते, आत कोण असतं, काय विचारतात हे ठाऊक नसल्यामुळे पाऊल उंबऱ्यापाशी अडतं. ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको, सभेत ऐकलेलं तर नकोच. पत्ता शोधण्यापासून खुर्चीत बसेपर्यंत जे उपयोगी पडेल तेवढंच.

रात्रपाळी
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांच्या सभांची खूप पसरलेली साखळी. १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावागावांतल्या सभांची माहिती मिळते, पण तेवढ्यावर विसंबून निघू नका. वेळ आणि जागा बदलतात, यादी मागे राहते. आधी मदतवाहिनीवर फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : सभा कोणत्या भाषेत, खुली की बंद, आणि कोणत्या फाटकातून आत यायचं. तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पहिल्यांदा येणारा माणूस खोली सापडली नाही की दहा मिनिटांत परत फिरतो. फोन उचलणारा स्वतः दारू सोडलेलाच असतो. 'मला नवीन म्हणून यायचंय, कुणी फाटकाशी भेटेल का?' असं विचारलं तर बहुधा सोय होते.

वसईकर
मुंबई-वसई पट्ट्यात बऱ्याच सभा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या आवारातल्या खोलीत भरतात. शाळा असेल तर परीक्षा, मतदान, दिवाळीची सुट्टी बघून जा. चर्च असेल तर गुड फ्रायडेच्या आठवड्यात आधी विचारून घ्या. खोली चर्चची असली तरी सभा चर्चची नव्हे, धर्म कुणी विचारत नाही. रखवालदाराला 'एएची मीटिंग कुठे?' एवढंच विचारा.

काठावरची
खुली आणि बंद यातला फरक न कळल्यामुळे घरच्यांचा फार गोंधळ होतो. बंद सभेत फक्त पिण्याचा त्रास असलेली माणसंच बसतात. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर खुली सभा निवडा. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, आणि पिणारा यायला तयार नसला तरी तिथे जाता येतं.

आणखी एक, हे कळकळीने सांगते. डायसल्फिरामची, म्हणजे दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी भाजीत गुपचूप मिसळू नका. तो माणूस वर दारू प्यायला तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ती त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची असते.

कंपाउंडर
'सोमवारी सभा, म्हणून रविवारपासून दारू बंद' असं रोज पिणाऱ्याने परस्पर ठरवू नये. शरीराला सवय लागलेली असेल तर शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत. भास, बरळणं, माणसं न ओळखणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. असं काहीही दिसलं तर सभा बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा. पूर्वी कधी फिट आली असेल तर बंद करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. समूहाकडे औषध नसतं आणि डॉक्टरही नसतो. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट.

मुळा-मुठा
पुण्यात लोक मुक्तांगण आणि एए एकच समजतात. मुक्तांगण हे १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं केंद्र, तिथे दाखल होऊन उपचार घेतात. बायकांसाठी तिथे निशिगंध हा वेगळा विभाग आहे. एएमध्ये दाखल होणं नाही, नोंदवही नाही, फी नाही. केंद्रातून घरी आल्यावर सभा सुरू ठेवायची, असा दोन्हींचा मेळ बसतो. घरी परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात सभा गाठा. 'जरा स्थिरावतो, मग जातो' म्हणणाऱ्याचं जाणं बहुधा राहूनच जातं.

रात्रपाळी
आत काय होतं ते राहिलं. सभा तास-दीड तास चालते. एकेक जण बोलतो, मध्ये कुणी सल्ला देत नाही, उलटतपासणी होत नाही. आडनाव सांगायचं नाही. पाळी आली तर 'आज ऐकायला आलोय' म्हटलं की पुरे. शेवटी पिशवी फिरते ती जागेच्या भाड्याला आणि चहाला. नव्या माणसाने काही टाकायची गरज नाही. निघण्याआधी दोघा-तिघांचे नंबर घ्या, पुरुषाने पुरुषांचे, बाईने बायकांचे. संध्याकाळी तलफ आली की ग्लास उचलायच्या आधी फोन लावायचा, तो यांनाच.

एसटी स्टँड
तालुक्याच्या गावी सभा आठवड्यातून एकदाच, आणि ती सुटेपर्यंत शेवटची गाडी गेलेली. अशा वेळी ऑनलाइन सभा धरा. आत जाण्याआधी पडद्यावरचं नाव बदला, फोनवर बहुधा पूर्ण नाव किंवा मुलाच्या शाळेचं खातं दिसतं. इअरफोन लावा, कारण समोरच्याचं बोलणं तुमच्या घरात ऐकू जाता कामा नये. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद सभा करायला सांगतात. गावात ते जमतं ते ऑनलाइन धरूनच.

वसईकर
वर एक राहिलं. पिऊन गेलं तर? बहुतेक समूह हाकलत नाहीत, मागे बसून ऐकू देतात, बोलायला मात्र देत नाहीत. गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोडायला सांगा.