घरच्या संगणकावरील डाउनलोड बाहेरून सांभाळणे आणि व्याख्यानांच्या चित्रफितींतून आवाज वेगळा काढणे

गोरेगावकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक व्याख्यान होते आणि त्याचे चित्रीकरण एक छायाचित्रकार करून देतात. ते मूळ फाइल क्लाउडवर चढवून मला लिंक पाठवतात. दीड तासाच्या व्याख्यानाची फाइल ८ जीबीच्या आसपास असते आणि लिंक काही दिवसांतच बंद होते. माझी नोकरी फोर्टमध्ये, संगणक घरी आणि लिंक येते ती हमखास भर दुपारी. कार्यालयाच्या संगणकावर बाहेरचे काम करणे योग्य नाही आणि मोबाइलच्या डेटावर एवढी फाइल घेणे परवडत नाही. म्हणून फोनवरून लिंक द्यावी, फाइल घरच्या विंडोज संगणकावर उतरावी आणि काम कुठवर आले आहे हे चर्चगेटहून परतताना गाडीत पाहता यावे, अशी सोय हवी आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती घरच्या ठरावीक संगणकाकडे वळवण्याची सोय) करून पाहिले. सगळ्या नोंदी बरोबर असूनही बाहेरून जोडणी होत नाही.

दुसरा प्रश्न आवाजाचा. आमच्या काही ज्येष्ठ सभासदांना आता जिना चढवत नाही, काहींची दृष्टी अधू झाली आहे. त्यांना चित्र नको, फक्त व्याख्यान ऐकायचे असते. मी व्हीएलसीमधून एमपीथ्री करतो, पण ती फाइल सव्वाशे एमबीच्या पुढे जाते आणि साध्या फोनवर ऐकताना वक्ता विहिरीतून बोलत असल्यासारखा वाटतो. मूळ चित्रफीत हेडफोन लावून ऐकली, तेव्हा दोन्ही कानांतला आवाज सारखा नाही, असेही जाणवले. यावर काय करता येईल?

मुलुंडचा तंत्रज्ञ

राउटरमध्ये आपले काही चुकलेले नसावे. इंटरनेटवर उपकरण ओळखण्यासाठी वापरले जाणारे आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरत नसल्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांना वाटून देतात. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडील बाजूचा, जो पत्ता दिसतो, तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा ज्याचा पहिला आकडा १० आहे असा (१०.x.x.x) असेल, तर आपण अशाच सामाईक पत्त्यामागे आहात आणि घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरची विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही. कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो, पण आपल्या कामासाठी तो खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

त्याऐवजी घरच्या संगणकाने स्वतःहून बाहेर जोडणी करावी आणि आपण त्याच वाटेने त्याला सूचना द्याव्यात, हा मार्ग धरावा. जेडाउनलोडर हे सॉफ्टवेअर नेमके हेच करते. घरी ते बसवून मायजेडाउनलोडरचे खाते जोडले की फोनवरच्या अॅपमधून किंवा ब्राउझरमधून लिंक टाकता येते, वेग आणि उरलेला वेळ दिसतो, काम थांबवता आणि पुन्हा सुरू करता येते. क्लाउडच्या लिंकवर बहुधा एक मधले पान असते. साध्या डाउनलोडरला ते ओलांडता येत नाही, याला सहसा येते. मात्र अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि बसवताना सोबत दुसरे काही देऊ केले, तर सरळ नकार द्यावा.

क्रोम रिमोट डेस्कटॉपही या सामाईक पत्त्यातून चालतो, पण त्यात संगणकाचा पूर्ण पडदा फोनवर येतो. गर्दीच्या लोकलमध्ये, नेटवर्क ये-जा करत असताना, बोटाने माउस हलवणे त्रासाचे होते. तो अडीअडचणीसाठी ठेवावा. पुढेमागे फाइलही घरून फोनवर ओढून घ्यायची असेल, तर टेलस्केल पाहावे. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर आधारलेले आहे आणि आपली उपकरणे जणू एकाच घरच्या जाळ्यात आणून ठेवते. काहीही केले, तरी डाउनलोडरचे किंवा रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. असे पत्ते शोधून पासवर्ड आजमावत राहणारे कार्यक्रम अहोरात्र फिरत असतात.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये, वीज जोडलेली असताना संगणक झोपी जाण्याची वेळ ‘नेव्हर’ ठेवा. पडदा बंद झाला तरी चालतो. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होण्याचा पर्याय असला, तर तोही चालू करा.

ध्वनिमुद्रक, गिरगाव

आपल्या प्रश्नातले शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छायाचित्रकार बहुधा वक्त्याच्या कॉलरचा माइक डाव्या बाजूला आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक उजव्या बाजूला मुद्रित करतात. ही पद्धत सर्रास आहे आणि चांगलीही आहे, कारण एक माइक बिघडला तर दुसरा हाताशी राहतो. पण ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. कॅमेरा वक्त्यापासून १५ मीटर मागे असेल, तर त्याच्या माइकपर्यंत आवाज सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि सोबत सभागृहाचे घुमणे, पंखे, खोकले हेही येते. एकच स्पीकर असलेला फोन दोन्ही बाजू एकत्र करून वाजवतो, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा, किंचित मागेपुढे ऐकू येतो. आपल्याला जाणवणारा पोकळपणा इथून येतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, कितीही वाढवला तरी तो जाणार नाही.

म्हणून दोन्ही बाजूंची सरमिसळ न करता फक्त स्वच्छ बाजू उचलावी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करावे, म्हणजे दोन्ही बाजू सुट्या होतात, आणि कॅमेऱ्याची बाजू काढून टाकावी. एमपीफोर थेट उघडण्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग या ध्वनी-चित्र रूपांतराच्या सॉफ्टवेअरची जोड लागते. एफएफएमपेग स्वतंत्रपणे वापरत असाल, तर ‘पॅन’ या फिल्टरने डावी बाजू निवडता येते. त्यातच ‘लाउडनॉर्म’ फिल्टर लावला, तर सगळ्या व्याख्यानांची पातळी सारखी होते आणि ऐकणाऱ्या वृद्धांना दर वेळी आवाज कमीजास्त करावा लागत नाही. श्रोत्यांचे प्रश्न मात्र कॉलरच्या माइकवर नीट येत नाहीत. प्रश्नोत्तरांच्या भागापुरती कॅमेऱ्याची बाजू घ्यावी. हे काम थोडे कंटाळवाणे आहे, पण केल्याचे समाधान मिळते.

आता आकाराविषयी. माणसाच्या बोलण्याला १९२ केबीपीएसची (सेकंदाला १९२ किलोबिट) गरज नसते. त्या दराने दीड तासाचे सुमारे १३० एमबी होतात. तेच मोनो (एकाच बाजूचे), ६४ केबीपीएसवर सुमारे ४३ एमबीत बसते आणि शब्द स्पष्ट राहतात. मूळ एमपीफोरमधला आवाज बहुधा एएसी या आधीच दाबलेल्या स्वरूपात असतो. तो पुन्हा न दाबता जसाच्या तसा एमफोरए फाइलमध्ये काढता येतो: एफएफएमपेगला चित्र वगळण्याची आणि आवाज ‘कॉपी’ करण्याची सूचना दिली की काही क्षणांत काम होते आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही. अशी एक प्रत संग्रहासाठी जरूर ठेवा. सभासदांसाठी एमपीथ्री करायचे, ते या प्रतीवरून करा. आधीच्या एमपीथ्रीवरून नको, कारण दर रूपांतरात थोडा तपशील कायमचा हरवतो.

विधिज्ञ, दादर

एक गोष्ट जोडतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार सार्वजनिक भाषणाच्या कॉपीराइटचा प्रथम स्वामी ते भाषण देणारी व्यक्ती असते, किंवा ज्याच्या वतीने ते दिले ती व्यक्ती. केवळ कार्यक्रम भरवला किंवा जागा दिली म्हणून तो हक्क आयोजकांकडे येत नाही. आपला हेतू चांगलाच आहे, तरीही ध्वनिफीत सभासदांना वाटण्याची वक्त्यांची संमती निमंत्रणाच्या वेळीच दोन ओळींत लेखी घ्यावी. बहुतेक वक्ते ती आनंदाने देतील.

गोरेगावकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. राउटरवर वॅनचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे निदान बरोबर होते. काल फोर्टमधून लिंक दिली आणि घरी पोहोचेपर्यंत फाइल पूर्ण उतरली होती. डावी बाजू वेगळी काढल्यावर फरक इतका आहे की वाचनालयाच्या कार्यवाहांनी जुनी व्याख्यानेही पुन्हा करून मागितली आहेत. पुढच्या निमंत्रणपत्रात संमतीचा मजकूर घालत आहोत.

काही सभासदांकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यांना मेमरी कार्डावर देताना कोणती काळजी घ्यावी?

ध्वनिमुद्रक, गिरगाव

त्यांना एमपीथ्रीच द्या. एमफोरए अशा काही फोनवर वाजत नाही. कार्ड फॅट३२ स्वरूपात (फाइली साठवण्याच्या या मांडणीत फॉरमॅट केलेले) असावे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पण आवाजाच्या फाइलींना त्याची अडचण नाही. फाइलीच्या नावाआधी ०१, ०२ असे अंक घाला आणि नाव रोमन लिपीत लिहा, कारण पुष्कळ साध्या फोनवर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. शक्य असल्यास दीड तासाचे व्याख्यान तीन भागांत तोडा. मध्येच फोन आला, तर त्या फोनवर पुन्हा नेमक्या जागी जाणे वृद्धांना फार अवघड जाते.