शब्दचर्चा: जीनोम विभागाच्या अहवालातले 'कव्हरेज', 'लायब्ररी' आणि 'व्हेरियंट'

कंसमुक्त:
एका संशोधन संस्थेच्या वार्षिक अहवालातला जीनोमिक्स आणि बायोइन्फर्मेटिक्सचा भाग मराठीत आणायचा आहे. वाचक विज्ञान शाखेचे, पण या विषयातले नव्हेत. कच्च्या मसुद्यात अशी वाक्यं आहेत: 'वर्षभरात ग्रंथालये तयार करून 30 पट व्याप्तीचे जनुकीय क्रमनिर्धारण केले', 'वाचनांची संदर्भाशी जुळणी केली', 'प्रत्येक नमुन्यात सरासरी 45 लाख उत्परिवर्तने आढळली'. वाचताना ठेच लागते आहे. कोणते शब्द बदलू आणि कोणते इंग्रजीच ठेवू?

बूचवाला:
'ग्रंथालये' आधी काढा, वाचक पुस्तकांची कपाटं शोधत बसेल. इथली लायब्ररी म्हणजे डीएनएचे साधारण 350 ते 450 बेसचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे, तुकडे करून, त्यांच्या दोन्ही टोकांना ॲडॅप्टर नावाचे डीएनएचे ठरावीक छोटे तुकडे जोडून तयार केलेलं मिश्रण. 'लायब्ररी' असंच लिहा आणि पहिल्या उल्लेखाला 'म्हणजे टोकांना ॲडॅप्टर जोडलेले डीएनएचे तुकडे' एवढं सांगा.

आणि 'तुकडा' व 'रीड' एकच समजू नका, हा गोंधळ फार दिसतो. तुकडा 400 बेसचा असला तरी क्रमनिर्धारणाचं मशीन त्याच्या दोन्ही टोकांकडून 150-150 बेसच वाचतं. ती दोन वाचनं म्हणजे दोन रीड, रीडची एक जोडी. मधले 100 बेस न वाचलेलेच राहतात. उलट तुकडा 250 चाच निघाला तर दोन रीड मध्ये 50 बेसवर एकमेकांवर चढतात आणि तेवढा मजकूर दोनदा वाचला जातो. 'वाचन' हा शब्द वाईट नाही, पण 'वाचनांची संख्या' म्हटलं की मशीन तितक्या वेळा चालवलं असं वाटतं. 'रीड' ठेवा.

पाटीपेन्सिल:
कव्हरेजला 'व्याप्ती' नको. मोजमापं दोन आहेत आणि अहवालात दोन्ही येतात. एखादी जागा सरासरी किती वेळा वाचली गेली, हे एक. जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, किती टक्के भाग किमान ठरावीक वेळा वाचला गेला, हे दुसरं. 'व्याप्ती' दुसऱ्याला शोभते, '30 पट' पहिल्याला.

हिशोब असा: मानवी जीनोम सुमारे 310 कोटी बेसचा. 150 बेसच्या रीडच्या 31 कोटी जोड्या म्हणजे 9,300 कोटी बेस, भागिले 310 कोटी, बरोबर 30. पण डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरमुळे एकाच तुकड्याच्या नकला होतात आणि त्या मोजणीतून काढाव्या लागतात. 12 टक्के जोड्या अशा दुबार निघाल्या की 30 चे 26 उरतात. म्हणून '30 पट' हे नकला काढण्याआधीचं की नंतरचं, ते विभागाला विचारून वाक्यातच लिहा. शिवाय सरासरी 30 असली तरी जी आणि सी बेस दाटीनं असलेल्या जागी, विशेषतः जनुकांच्या सुरुवातीच्या भागांत म्हणजे पहिल्या एक्झॉनांत, आकडा बराच खाली येतो. एवढ्यासाठीच दुसरं मोजमाप लागतं.

कंसमुक्त:
मग डेप्थला 'वाचनखोली'?

पाटीपेन्सिल:
अहो, वाचनखोली म्हणजे लायब्ररीच्या शेजारची! 'ग्रंथालया'तून सुटका करून घेतली आणि पुन्हा तिथेच आलात. 'प्रत्येक जागा सरासरी 30 वेळा वाचली' असं लिहा, नाम करायची गरजच नाही. तक्त्यात जागा कमी असेल तर 'सरासरी डेप्थ'.

रेणुका_प:
'जुळणी' बद्दल. अलाइनमेंट आणि असेंब्ली या दोन्हींना मराठीत सर्रास 'जुळणी' किंवा 'जोडणी' लिहितात. कामं मात्र वेगळी. पहिल्यात संदर्भ जीनोम हाताशी असतो आणि प्रत्येक रीड त्यावर कुठे बसतो ते शोधायचं असतं. दुसऱ्यात संदर्भ नसतो, रीड एकमेकांना ओळीनं जोडत जीनोम नव्यानं उभा करायचा असतो. पहिल्याला 'जुळवणी', दुसऱ्याला 'बांधणी' घ्या आणि अहवालभर तेच पाळा. एखाद्या वनस्पतीच्या जीनोमची 'जुळवणी केली' असं छापलं, तर वर्षभराचं बांधणीचं काम आठवड्याभराचं वाटेल.

'संदर्भ' एवढ्यावर थांबू नका, आवृत्तीही द्या. 2013 ची 38 वी आवृत्ती की 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला टोकापासून टोकापर्यंतचा सीएचएम13, यावर आकडे बदलतात. दुसऱ्यात जवळपास 20 कोटी बेस नव्यानं आले आहेत.

बूचवाला:
नमुन्यांच्या परिच्छेदात 'शुद्धता' आणि 'संहती' यांचीही अदलाबदल होते. 260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणांचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास येणं ही शुद्धता, तीही प्रथिनांपुरती. नॅनोलिटरमागे... चुकलं, मायक्रोलिटरमागे किती नॅनोग्रॅम ही संहती. प्रकाशशोषणावरून संहती मोजणारा नॅनोड्रॉप आरएनएलाही डीएनएत धरतो, म्हणून त्याचा आकडा फुगतो. क्यूबिट या दुसऱ्या उपकरणात वापरतात तो रंग दुपदरी डीएनएलाच चिकटतो. लायब्ररीचं प्रमाण नॅनोड्रॉपवर ठरवलं की तुकडे कमी पडतात, ॲडॅप्टर एकमेकांनाच चिकटतात आणि तुकड्यांच्या लांबीच्या आलेखात 120 ते 130 बेसपाशी टोकदार सुळका येतो. आखूड तुकडे मशीनमधल्या फ्लोसेल नावाच्या काचपट्टीवर आधी जागा पकडतात, त्यामुळे छोटासा सुळकाही बरेच रीड खाऊन जातो.

मसुद्यात 'रक्तनमुने नाकारले' अशी ओळ असेल तर तिथे कारण छापा. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, ते चालतं. हिरव्या बुचातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं.

रेणुका_प:
आता 'उत्परिवर्तने'. मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. संदर्भ जीनोमशी ताडून पाहिला तर कोणाही माणसाच्या जीनोममध्ये 40 ते 50 लाख जागी फरक निघतो. त्यातला बहुतेक पिढ्यानपिढ्या चालत आलेला आणि निरुपद्रवी. 'उत्परिवर्तन' म्हटलं की काहीतरी नव्यानं घडलं, बिघडलं, असा अर्थ निघतो. शिवाय संदर्भ म्हणजे 'निरोगी माणूस' नव्हे. 37 व्या आवृत्तीत तर रक्ताच्या गुठळ्यांशी निगडित 'फॅक्टर फाइव्ह लायडन' हा बदल खुद्द संदर्भातच होता. म्हणजे ज्यांच्यात तो नाही, त्यांच्या यादीत त्या जागी फरक दिसायचा! म्हणून 'फरक' किंवा 'व्हेरियंट' लिहा. 'उत्परिवर्तन' राखून ठेवा ते जिथे बदल नव्यानं घडल्याचं दाखवलंय तिथे: कर्करोगाच्या गाठीत आहे पण त्याच रुग्णाच्या रक्तात नाही, किंवा मुलात आहे पण आईवडिलांत नाही.

पाटीपेन्सिल:
सहमत, पण 'व्हेरियंट' मोकळा सोडू नका. 2021 नंतर मराठी वाचकाला त्याचा एकच अर्थ ठाऊक आहे, कोरोना विषाणूचा डेल्टा. तिथे व्हेरियंट म्हणजे विषाणूचा अख्खा प्रकार, 29,903 बेसमधल्या अनेक बदलांचा गट. मानवी जीनोममध्ये व्हेरियंट म्हणजे एका जागचा एक फरक. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांवरून 'डबल म्युटंट' गाजला. वृत्तपत्रांतून त्यात दोनच बदल आहेत असा समज पसरला. खरं तर एल452आर आणि ई484क्यू हे दोन फक्त चर्चेतले होते, त्या प्रकारात म्हणजे बी.1.617 मध्ये त्यांशिवाय आणखी कितीतरी बदल होते. तुमच्या अहवालात विषाणूंचंही काम असेल तर तिथे 'प्रकार' आणि मानवी भागात 'फरक', अशी वाटणी करा.

कंसमुक्त:
हे पटलं. मग काही फरकांपुढे लिहिलेल्या 'अनसर्टन सिग्निफिकन्स'ला 'अनिश्चित महत्त्वाचे'?

रेणुका_प:
नको, 'फारसं महत्त्वाचं नाही' असा वास येतो. पुरावा अपुरा आहे एवढंच म्हणायचं असतं. 'रोगाशी संबंध अनिश्चित'.

चारोळी:
रीड साठवणाऱ्या फास्टक्यू फायलीत एका रीडच्या चारच ओळी असतात, म्हणून या नावाचा हक्क मी घेतला. दोन गोष्टी.

'क्यू30' ला 'दर्जा 30 टक्के' असं भाषांतर छापलेलं पाहिलंय. क्यू30 म्हणजे तो बेस चुकीचा असण्याची शक्यता हजारात एक, क्यू20 म्हणजे शंभरात एक. '90 टक्के बेस क्यू30 किंवा वर' हे वाक्य दोन्ही आकड्यांसकट लागतं.

दुसरं, जनुकांची चिन्हं देवनागरीत आणू नका, तक्त्यात रोमनच ठेवा. आणि तक्ता एक्सेलमध्ये उघडण्याआधी तो स्तंभ 'टेक्स्ट' करा. सेप्ट2 चं 2 सप्टेंबर आणि मार्च1 चं 1 मार्च होतं, आणि जतन केल्यावर मूळ नाव परत येत नाही. या त्रासामुळेच 2020 मध्ये जनुकांच्या नामकरण समितीनं ती सेप्टिन2 आणि मार्चएफ1 केली. पण जुन्या याद्यांत जुनीच नावं आहेत.

कंसमुक्त:
दुरुस्त वाक्यं: 'लायब्ररी तयार करून संपूर्ण जीनोमचे क्रमनिर्धारण केले, नकला वगळून प्रत्येक जागा सरासरी 26 वेळा वाचली गेली.' 'रीडची जुळवणी 38 व्या आवृत्तीच्या संदर्भ जीनोमशी केली.' 'प्रत्येक नमुन्यात संदर्भापेक्षा सरासरी 45 लाख जागी फरक आढळला.'

पाटीपेन्सिल:
26 हा माझ्या उदाहरणातला आकडा आहे, तुमचा विभागाकडून घ्या. पहिल्या वाक्यात किमान 10 वेळा वाचल्या गेलेल्या भागाची टक्केवारी जोडा. बाकी छापायला हरकत नाही.