जुना डेस्कटॉप भंगारात द्या म्हणे! मग आतल्या पानांचं काय?

खिळेजुळारी :
आमच्या मुद्रकांच्या गटात काल एकाने टाकलं : "विंडोज 10चा पाठिंबा, म्हणजे कंपनीकडून येणारी नेहमीची अपडेट, 14 ऑक्टोबर 2025ला संपला. अजून बारा वर्षांच्या मशीन रेटणारे निव्वळ चिकट आहेत. भंगारात द्या, नवा घ्या, अर्ध्या दिवसात काम सुरू." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी मशीन 2012ची. आय-थ्री प्रोसेसर, एच-61 मदरबोर्ड, 4 जीबी रॅम, वर विंडोज एक्सपी. मागे 25 पिनांच्या पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरच्या खाचेत) फाँटचं डोंगल, म्हणजे फाँटची किल्ली असलेला प्लग. ते काढलं की मराठीचं एक अक्षर उमटत नाही. आत अकराशेच्या वर पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फायली : पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, आमच्या गावच्या शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका. गेल्या वर्षी नवा डेस्कटॉप आणला, तर त्याला पॅरलल पोर्टच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं. प्रिंटर चालला, डोंगल ओळखेना. जुनं सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतं, कन्व्हर्टरला ते कळत नाही. तीन आठवडे गेले, नवी मशीन झाकून ठेवली. अर्धा दिवस म्हणणाऱ्याने एक तरी जुनी फाइल उघडून दाखवावी.

गल्लीतला_मेकॅनिक :
काका, राग समजतो, पण तो माणूस मुद्द्याला चुकलेला नाही. एक्सपीचा पाठिंबा 8 एप्रिल 2014ला संपला. विंडोज 11ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा बोर्ड त्यात बसत नाही. म्हणजे रॅम वाढवून, एसएसडी टाकून वेग येईल, पण पुढची वाट बंदच. आणि तुमची हार्ड डिस्क? गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक प्रेसवाले आले. डिस्क टक-टक-टक करत होती. बॅकअप शून्य. पंधरा वर्षांचं काम गेलं. माणूस खुर्चीत बसून रडला. तुम्हाला तिथे बसलेलं मला बघायचं नाही.

सांगलीची_टायपिस्ट :
नवा घ्या म्हणणाऱ्यांनी आमचे दर विचारलेत का? ग्राहक पानाला चाळीस रुपये देतो, तेही महिनाभर फिरवून. वर संगणकावर 18 टक्के जीएसटी. 2025च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की दुकानदार संध्याकाळचा भाव सकाळी सांगेना. मी दोन वर्षांपूर्वी कंपनीतून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला, त्यावर घर चालतंय. ह्याला चिकटपणा म्हणणाऱ्याने आमच्या खुर्चीत एक दिवस बसावं.

युनिकोडवादी :
सगळे मशीनवर भांडताय, खरा रोग फाँटचा आहे. त्या डोंगलवाल्या फाँटात 'क' ही इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली आकृती आहे. म्हणून फाइल दुसरीकडे नेली की कचरा दिसतो. तुमच्या अकराशे फायलींत एक नाव शोधायचं म्हटलं तर शोधता येत नाही, गूगललाही सापडत नाही. विंडोज 2000पासून देवनागरी युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. सुलेखनकार र. कृ. जोशींनी 'मंगल' हा फाँट केला, आज 'एक टाइप' ह्या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फाँट फुकट मिळतात. पंचवीस वर्षं मराठी डीटीपीवाल्यांनी हट्टाने आपलंच लेखन कुलपात ठेवलं. त्या स्मरणिकेचा मजकूर आज शाळेतल्या मुलांना वाचायला मिळतो का? नाही. ह्याला जबाबदार कोण?

खिळेजुळारी :
कोण जबाबदार? आम्ही! रात्री दोनपर्यंत जागून तुमचे अंक वेळेवर काढणारे! साहेब, जुन्या फाँटाचा मजकूर युनिकोडात बदलणारा कन्व्हर्टर मी वापरून पाहिलाय. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. ते उलटसुलट झालं की पानभर रफार भलत्याच डोक्यावर बसतात. सह्याद्रीवरच्या एका पुस्तकात 'दऱ्या' होत्या, त्यांचा 'दर्या' झाला. डोंगरातून थेट समुद्रात! लेखकाने मला फोनवर झापलं, कन्व्हर्टरला नाही.

युनिकोडवादी :
'दऱ्या' युनिकोडात नीट होते, ऱ वेगळा दिलेला आहे. कन्व्हर्टर वाईट होता.

खिळेजुळारी :
होते ना, पण अकराशे फायलींत कोण तपासणार? आणि मी टाइपरायटरच्या कळफलकावर तीस वर्षं काढली. आता इनस्क्रिप्टचा वेगळा कळफलक शिकू?

सांगलीची_टायपिस्ट :
हे मात्र चूक काका. टाइपरायटरचा कळफलक युनिकोडातही मिळतो. मीही तुमच्यासारखीच अडून बसले होते, आठवड्यात हात बसला. फक्त इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये) वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

गल्लीतला_मेकॅनिक :
फाँटवर पन्नास प्रतिसाद होतील, डिस्क तोवर मरेल. आधी हे करा. जुन्या डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) काढा, दोन ठिकाणी ठेवा. एखाद्या नव्या बोर्डावर पॅरलल पोर्टचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड लावून कधीकधी डोंगल चालतं, खात्री देत नाही. म्हणून जुनी मशीन भंगारात देऊ नका, नेटपासून तोडून ठेवा, ग्राहकांचे पेनड्राइव्ह तिला लावू नका. नवीन काम नव्यावर. पेजमेकर फायली उघडणारं शेवटचं इनडिझाइन सीएस-6, त्याची जुनी प्रत कुणाकडे असेल तर मांडणी तरी वाचेल.

खिळेजुळारी :
ही भाषा पहिल्यापासून वापरली असती तर एवढं लिहायची वेळ आली नसती. नवी मशीन लागते, कबूल. दोन्ही लागतात, हेही तुम्ही कबूल करा. 'चिकट' हा शब्द मात्र मागे घेतल्याशिवाय त्या गटात मी पुन्हा बोलणार नाही. डिस्कची इमेज रविवारी काढतो.

युनिकोडवादी :
चिकट मी म्हटलं नव्हतं. पण 'हट्ट' म्हणालो, तो शब्द मागे. कन्व्हर्टर कसे आहेत ते मलाही माहीत आहे. स्मरणिकेची पहिली वीस पानं पाठवा, रफार मी बसून तपासतो.

खिळेजुळारी :
पाठवतो. सोबत छापील प्रतही पाठवतो. फाइलवर विसंबू नका, छापलेल्या पानावर बोट ठेवूनच तपासा.