‘दहापैकी चार जण उत्क्रांती मानत नाहीत’: हा आकडा समजुतीचा आहे की प्रश्नाच्या रचनेचा?

मापपट्टी

अमेरिकेबद्दलचं हे वाक्य इतक्या वेळा छापून येतं, की त्यामागचा प्रश्न कुणी वाचतच नाही. आकडा गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा. १९८२ पासून त्यांचा प्रश्न एकच आणि पर्याय तीन: माणूस लाखो वर्षांत विकसित झाला, पण देवाच्या मार्गदर्शनाने, विकसित झाला, देवाचा त्यात भाग नव्हता, किंवा गेल्या सुमारे १०,००० वर्षांत देवाने माणसाला आजच्याच रूपात घडवलं. तिसरा पर्याय १९८२ मध्ये ४४ टक्के लोकांनी निवडला, २०२४ मध्ये ३७ टक्क्यांनी.

आता प्यू संस्थेचा २०१८ चा प्रयोग पाहा. लोकांचे यादृच्छिक गट केले. एका गटाला आधी एवढंच विचारलं, की माणूस काळाच्या ओघात विकसित झाला की सुरुवातीपासून असाच आहे? देवाचा प्रश्न नंतर, तोही फक्त ‘विकसित झाला’ म्हणणाऱ्यांना. या गटात ‘असाच आहे’ म्हणणारे ३१ टक्के निघाले. दुसऱ्या गटाला तिन्ही पर्याय एकदम दिले, तर तेच प्रमाण १८ टक्के! गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलला प्रमाण मानणाऱ्या) प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये ते ६६ वरून ३८ वर आलं. उत्क्रांती आणि श्रद्धा दोन्ही एकत्र मांडायची जागा पहिल्याच पायरीवर मिळाली, एवढाच फरक.

शिवाय २०१२ मध्ये अमेरिकेच्या सामान्य सामाजिक सर्वेक्षणात ‘आजचा माणूस आधीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला’ हे विधान ४८ टक्क्यांनी बरोबर म्हटलं. त्याच्या आधी ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढी भर घातल्यावर ७२ टक्क्यांनी. म्हणजे सिद्धांत काय सांगतो हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पहिल्या प्रश्नाला ते आपण कोणत्या समाजाचे आहोत हे सांगतात. अभ्यासक्रमाची धोरणं असल्या आकड्यावर बेतू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

रुक्ष_गणित

रचनेचा परिणाम होतो हे मान्य, निष्कर्ष अमान्य. गॅलपसुद्धा ‘देवाच्या मार्गदर्शनाने’ हा पर्याय एकदमच देतं, तरी त्यांच्याकडे ३७ ते ४७ टक्के येतात. मग सगळं खापर त्या पर्यायाच्या अभावावर कसं फोडता? प्यूचा तो प्रयोग ऑनलाइन पॅनेलवरचा होता आणि गॅलप फोनवर विचारतं, हाही फरक धरा. आणि तीन पर्याय दिले की मधल्याकडे लोक झुकतातच. १८ हा आकडाही त्यामुळे कमी भरलेला असू शकतो.

मुख्य मुद्दा देशांच्या तुलनेचा आहे. मिलर, स्कॉट आणि ओकामोटो या संशोधकांनी २००६ मध्ये ३४ देशांचे आकडे मांडले. आइसलँड, डेन्मार्क, स्वीडन, फ्रान्समध्ये ८० टक्के किंवा त्याहून जास्त लोक उत्क्रांती खरी म्हणाले. अमेरिकेत ४० टक्के. त्याखाली फक्त तुर्कस्तान. एकाच आशयाच्या विधानावर इतका फरक पडतो, तो शब्दरचनेने पडत नाही.

आणि तो वर्गात उतरतो. बर्कमन आणि प्लुत्झर या संशोधकांनी अमेरिकेतल्या ९२६ जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी केली (प्रसिद्धी २०११). उत्क्रांती ठामपणे शिकवणारे सुमारे २८ टक्के, उघडपणे निर्मितीवादाची (देवानेच सजीव घडवले या मताची) बाजू घेणारे १३ टक्के, उरलेले ६० टक्के वाद टाळून पुढे सरकणारे. हे ६० टक्के कोणत्याही प्रश्नावलीने नाहीसे होत नाहीत.

मापपट्टी

देशादेशांतला फरक खरा आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच निबंधातली दुसरी मालिका बघा. अमेरिकेत १९८५ मध्ये ४५ टक्के मानणारे, ४८ टक्के नाकारणारे, ७ टक्के अनिश्चित. २००५ मध्ये ४०, ३९ आणि २१. मानणारे थोडे घटले, पण नाकारणारे त्याहून जास्त घटले, आणि मधला गट तिप्पट झाला. दहापैकी चार एवढाच आकडा धरला तर हा गट दिसतच नाही. त्यानंतर २०१९ पर्यंत मानणारे ५४ टक्क्यांवर गेले.

शिलालेख

नाकारणारा म्हणजे न शिकलेला, असं गृहीत धरून सगळे बोलताय. मी निर्मिती मानतो आणि माझे आक्षेप पद्धतीवर आहेत. जातींमध्ये बदल होतात, निवड होते, हे कोणताही अभ्यासू निर्मितीवादी नाकारत नाही. प्रश्न मूळ प्रकारांच्या सीमेचा आणि वयाचा आहे. किरणोत्सारी क्षयावरून खडकाचं वय काढताना तीन गोष्टी गृहीत धरता: सुरुवातीला किती कन्या-मूलद्रव्य (क्षयातून तयार होणारं मूलद्रव्य) होतं, मध्ये काही आत-बाहेर झालं नाही, आणि क्षयाचा वेग कायम राहिला. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा १९८० च्या दशकात थिजलेला लाव्हा पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने साडेतीन लाख वर्षांचा निघाला. ज्याचं वय माहीत आहे तिथे पद्धत चुकते, तर ज्याचं माहीत नाही तिथे तिच्यावर विश्वास का ठेवायचा?

अभ्रक

आक्षेप नेमका आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो.

सेंट हेलेन्सचा नमुना त्या पद्धतीसाठीच चुकीचा होता. त्या पद्धतीत पोटॅशियम-४० च्या क्षयातून साठलेला आर्गॉन वायू मोजतात, आणि पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य (निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ) १२५ कोटी वर्षं. दहा वर्षांत तयार होणारा आर्गॉन उपकरणाला जाणवणारही नाही. लाव्हा वर येण्याआधी खोलवर तयार झालेले स्फटिक आपल्यासोबत जुना आर्गॉन आणतात, आणि मोजला गेला तो. त्याच नमुन्यातले पायरॉक्सिन या खनिजाचे स्फटिक वेगळे काढल्यावर वय आणखी जास्त आलं, तेही याच कारणाने.

गंभीर काम झिरकॉन या खनिजाच्या दाण्यांवर होतं, त्यातल्या युरेनियमच्या क्षयातून शिसं बनतं. खडक दळायचा, जड द्रवात आणि चुंबकी विभाजकात वेगळा करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली दाणे हाताने निवडायचे. मग ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून हायड्रोफ्लोरिक आम्लात अंशतः विरघळवायचे, म्हणजे किरणोत्साराने खराब झालेला भाग निघून जातो. उरलेल्यातलं युरेनियम आणि शिसं वस्तुमान-वर्णपटमापकावर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचं.

यात तुमचे पहिले दोन मुद्दे असे तपासले जातात: झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. आणि एकाच दाण्यात दोन स्वतंत्र घड्याळं चालतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७०.४ कोटी. शिसं गळालं असेल तर दोन्ही वयं जुळत नाहीत आणि आलेखात दोन्ही वयं जुळणाऱ्या वक्रावरून बिंदू खाली सरकतो. जुना गाभा आत अडकला असेल तर वय जास्त येतं, आणि प्रतिमेत तो गाभा दिसतो. चूक होते, पण लपत नाही.

क्षयाच्या वेगाबद्दल: १९८७ साली दिसलेला अतिनवतारा (स्फोट झालेला तारा) सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा प्रकाश मंदावला तो कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याला धरूनच. इतक्या जुन्या घटनेतही वेग आजचाच. निर्मितीवाद्यांच्या स्वतःच्या ‘रेट’ प्रकल्पाने (१९९७ ते २००५) पूर्वी क्षय वेगवान होता असं सुचवलं. पण त्यातून निघणारी उष्णता जाणार कुठे, हा प्रश्न सुटलेला नाही हेही त्यांनीच अहवालात मान्य केलं. अब्जावधी वर्षांची ऊर्जा थोड्या काळात सुटली तर पृथ्वीचं कवच वितळेल.

शिलालेख

झिरकॉनचा मुद्दा वजनदार आहे. उष्णतेचा प्रश्न उघडा आहे हेही मी मानतो. पण वय जास्त निघालं म्हणून समान पूर्वज सिद्ध होत नाही. माणसाचं दुसरं गुणसूत्र दोन गुणसूत्रं जुळून झालं, याचा फार डांगोरा पिटतात. ते जुळणं मानवी वंशातच, निर्मितीनंतर झालेलं असू शकतं.

बीजकोश

फक्त जुळण्याबद्दल बोलायचं तर तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे. त्यातून एवढंच कळतं, की आपल्या पूर्वजांत ४६ ऐवजी ४८ गुणसूत्रं होती. पण त्याच्या दोन्ही बाजूंची जनुकं चिंपांझीच्या दोन वेगळ्या गुणसूत्रांशी क्रमाने जुळतात. शिवाय क जीवनसत्त्व बनवणारं जनुक पाहा. माणूस, कपी आणि माकडं यांच्यात ते मोडलेलं आहे, तेही सारख्या पद्धतीने. गिनीपिगमध्येही मोडलेलं आहे, पण मोडण्याचा नमुना वेगळा. नव्याने घडवलेल्या प्राण्यांत एकसारखी मोडतोड का असावी?

रुक्ष_गणित यांना मात्र एक सांगायचं आहे. ‘खरी की खोटी’ एवढं विचारून समज कळत नाही. होकार देणारे कितीतरी विद्यार्थी ‘गरज होती म्हणून जिराफाची मान लांब झाली’ असं लिहितात. गुहेतल्या आंधळ्या माशांचे डोळे का गेले, असं विचारा. ‘वापर नव्हता म्हणून’ एवढंच उत्तर आलं, तर त्या विद्यार्थ्याला निवड समजलेली नाही. अंधारात डोळ्याचं जनुक बिघडलं तरी असे मासे गाळले जात नाहीत, आणि डोळा पोसायची ऊर्जाही वाचते. मेक्सिकोतल्या दोन वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तर काही पिल्लं पाहू शकतात, कारण दोन्हीकडे बिघडलेली जनुकं वेगळी असतात. हे स्वतःहून मांडू शकणारे किती, ते मोजा. त्यासाठी विद्यार्थ्याला देवाबद्दल एक शब्दही विचारावा लागत नाही.

रुक्ष_गणित

मोजा जरूर, पण माणसाला वगळून नको. हत्तींबद्दल विचारलं की होकार वाढतात. अडतं ते माणसावरच. शिक्षकांनी तो धडा शेवटच्या आठवड्यावर ढकलला, तर ६० टक्क्यांचा तो गट पुढेही तसाच राहील.